काकांच्या बैठकी, फाईलीच्या शेपटाचे १२८ बाइट आणि एक हरवलेला आकडा

गेल्या दिवाळीत काकूंना घेऊन सांगलीहून पंढरपूरला निघालो होतो. गाडीत पेनड्राइव्ह लावला, म्हणलं काकांच्या बैठकीतलं काहीतरी ऐकत जाऊ. आवाज व्यवस्थित आला, तंबोरे सुरू झाले, पण स्क्रीनवर गाण्याच्या नावाच्या जागी जे आलं ते बघून काकू म्हणाल्या, "हे काय लिहिलंय रे? कुठल्या देशातलं आहे हे?" डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चारी कोपऱ्यांना काटे फुटलेलं एक गोल, परत तोच ए, परत तेच गोल, मधेच जपानच्या येनचं चिन्ह, असं स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खाली जॉनर, म्हणजे गाण्याचा प्रकार, म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: ब्लूज.

मला वाटलं पेनड्राइव्ह खराब झाला असेल. घरी येऊन लॅपटॉपवर बघितलं तर तिथेही तेच. फोनवर तर आणखी वेगळं, तिथे नाव तसंच पण जॉनर गायब. एकच फाईल, आणि तीन ठिकाणी दोन तऱ्हा. तिथून जे सुरू झालं ते दोन महिने चाललं, आणि त्यात टॅग, म्हणजे फाईलीच्या आतच लिहिलेली गाण्याची ओळख, नक्की काय असतं हे मला पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. कारण असा जुना साठा बऱ्याच घरांत आहे आणि लोक तो मनापासून जपतात, फक्त नावं कुठे आणि कशी लिहिली जातात ते कुणी बघत नाही.

आधी साठा काय आहे ते सांगतो. काका १९७९ साली कॅसेट डेक घेऊन आले आणि तेव्हापासून आमच्या गावभागातल्या घराच्या माडीवर ज्या बैठकी व्हायच्या त्या ते रेकॉर्ड करायला लागले. मोठे नावाजलेले कलाकार नव्हते हो, गावातलेच एक बुवा गायचे, तबल्याला नाना, पेटीला बहुतेक वेळा बापू. पण गाणं खरं होतं. अशा ११८ कॅसेट झाल्या. २००४ मध्ये काकांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर घेतला, डेकची वायर साउंड कार्डात घातली आणि एकेक बाजू ४५ मिनिटं चालवून सगळ्याच्या एमपी३ केल्या, १२८ केबीपीएस मध्ये, म्हणजे सेकंदाला १६ हजार बाइट. दोन्ही बाजू मिळून २३६ फाईली. त्यांना नावं पण त्यांनीच दिली, एका बोटाने टाइप करून. २०१२ मध्ये माझा चुलत भाऊ सगळं कॉपी करून पुण्याला घेऊन गेला. २०१५ मध्ये काका गेले. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला त्यात तळमजल्यावरचं कपाट पाण्याखाली गेलं, कॅसेट, त्यांच्यातली काकांच्या अक्षरातली कार्डं आणि तो जुना कॉम्प्युटर, सगळं. म्हणजे आता जगात फक्त भावाकडची कॉपी. ती कॉपी म्हणजेच तो पेनड्राइव्ह.

आता टॅगकडे येऊ. एमपी३ हा मुळात आवाज दाबून लहान करायचा प्रकार, त्या मूळ स्टँडर्डमध्ये गाण्याचं नाव, गायकाचं नाव लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. फाईलीला जे नाव दिलं तेवढीच ओळख. १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसाने एक साधी युक्ती काढली, फाईल जिथे संपते तिथे १२८ बाइट जास्तीचे चिकटवायचे. आधी टी, ए, जी अशी तीन अक्षरं, मग ३० बाइट गाण्याचं नाव, ३० बाइट कलाकार, ३० बाइट अल्बम, ४ बाइट साल, ३० बाइट शेरा, आणि शेवटचा १ बाइट जॉनरचा. बेरीज करून बघा, बरोबर १२८ होते. यालाच आयडी३ म्हणतात, त्याची ही पहिली आवृत्ती. शेवटी का चिकटवायचे? कारण जुन्या प्लेअरला टॅग म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, सुरुवातीला काही नवीन घातलं असतं तर तो अडखळला असता, आणि शेवटी असलं तर फार तर गाणं संपताना एखादा टिक्क आवाज. आमच्या हिशोबात सांगायचं तर ४५ मिनिटांची एक बाजू म्हणजे ४ कोटी ३२ लाख बाइट. त्यातले शेवटचे १२८. आवाजात मोजलं तर सेकंदाचा शंभरावा भागही नाही. आणि हे कोण गातंय, कधी गातंय, ते सगळं तेवढ्यात.

जॉनरचं कोडं इथेच सुटलं. जॉनर एका बाइटात लिहायचा म्हणजे शब्द लिहायचा नाही, नुसता नंबर लिहायचा, आणि कुठला नंबर म्हणजे काय याची यादी आधीच ठरलेली, सुरुवातीला ८० प्रकारांची. त्यात पोल्काला नंबर आहे, डेथ मेटलला आहे, क्लासिकल आहे पण ते त्यांचं. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यातलं काहीच नाही. यादी बनवणाऱ्यांनी जे ऐकलं ते त्यांनी लिहिलं, ते समजू शकतो. पण त्या यादीत शून्य नंबर म्हणजे ब्लूज. काकांनी जॉनरची जागा रिकामी सोडली होती आणि त्यांच्या प्लेअरने रिकाम्या जागी शून्य भरला, म्हणून २३६ च्या २३६ बैठकी ब्लूज झाल्या. गाडीतला सिस्टीम जॉनर शेपटातून उचलत होता, फोन शेपटाकडे बघतच नव्हता, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी.

फोन बघत होता तो पुढचा टॅग. १९९८ मध्ये आयडी३ ची दुसरी आवृत्ती आली, मार्टिन निल्सन आणि बाकीच्यांनी केलेली, ती फाईलीच्या सुरुवातीला बसते आणि तिचा पहिलीशी काडीचा सारखेपणा नाही, नाव फक्त तेच. यात ठरलेले खण नाहीत, फ्रेम आहेत. प्रत्येक फ्रेमला, २.३ आवृत्तीपासून, चार अक्षरी नाव, टीआयटी२ म्हणजे गाण्याचं नाव, टीपीई१ मुख्य कलाकार, टीएएलबी अल्बम, टीसीओएम संगीतकार, कॉम म्हणजे शेरा, एपिक म्हणजे चित्र, अशा कितीतरी. नाव, मग लांबी किती, मग मजकूर. लांबी स्वतःच सांगितलेली असल्यामुळे ३० अक्षरांची कटकट नाही. आणि मजकुराच्या अगदी आधी एक बाइट असतो, जो सांगतो की पुढची अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची. शून्य असेल तर लॅटिन, म्हणजे युरोपातली अक्षरं. एक असेल तर यूटीएफ-१६, म्हणजे देवनागरीसकट जगातल्या लिपी लिहिता येतात अशी पद्धत. पुढे २००० साली जी २.४ आवृत्ती आली तिच्यात तीन लिहिलं तर यूटीएफ-८, तशीच दुसरी पद्धत. हा एक बाइट लक्षात ठेवा, आमचं निम्मं प्रकरण त्याच्यावर आहे.

थोडं आणखी एक, कारण मला ते फार आवडलं. प्लेअर एमपी३ मध्ये आवाजाचा तुकडा कुठे सुरू होतो हे ओळखतो कसा, तर ओळीने एक, एक, एक असे अकरा बिट शोधतो, एका बाइटात असे आठ बिट असतात. मग सुरुवातीला बसवलेल्या टॅगमध्ये चुकून तसे बिट आले तर प्लेअर टॅगलाच गाणं समजेल. म्हणून टॅगची एकूण लांबी लिहिताना प्रत्येक बाइटातला सगळ्यात मोठा बिट मुद्दाम शून्य ठेवतात, आठातले सातच वापरायचे. ज्यांना टॅगमधलं काही कळत नाही अशा जुन्या प्लेअरचीही काळजी घेऊन ही माणसं काम करत होती.

बरं, आता आमच्या फाईली. मी एक फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे, प्रत्येक बाइट दोन खुणांत लिहून दाखवणारा प्रोग्रॅम. अगदी वरती आय, डी, ३ ही अक्षरं दिसली, थोडं खाली टीआयटी२, मग लांबी, मग तो एक बाइट: शून्य. म्हणजे लॅटिन. आणि त्याच्यापुढे ई०, ए४, एडी, ई०, ए५, ८०, ई०, ए४, एई... तीन तीनचे गट, आणि प्रत्येक गट ई० ने सुरू. हे बघितल्यावर एकदम लक्षात आलं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिला नेहमी ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. ई० ए४ एडी म्हणजे भ. ई० ए५ ८० म्हणजे दीर्घ ईची वेलांटी. ई० ए४ एई म्हणजे म. भीम... भीमपलास! मजकूर शंभर टक्के शुद्ध मराठी होता. फक्त पुढे जी पाटी लावली होती ती चुकीची, हे लॅटिन आहे म्हणून. लॅटिनमध्ये ई० म्हणजे तो डोक्यावर रेघवाला ए, ए४ म्हणजे काटेरी गोल, ए५ म्हणजे येन. गाडीच्या सिस्टीमचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलं तसं त्याने वाचलं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे मी आणि बाबांनी बसून टाकलेत ते, २०१२ ला, एकेक कॅसेट लावून, बाबा सांगायचे आणि मी मराठीत टाइप करायचो. माझ्याकडे तेव्हा बरोबर दिसायचं." दिसणारच, कारण ज्या प्रोग्रॅमने चुकीची पाटी लावून लिहिलं तोच प्रोग्रॅम वाचताना तीच चूक उलटी करायचा, त्यामुळे दोन चुका मिळून बरोबर. दुसरीकडे नेलं की उघडं पडायचं. म्हणून सांगतो, टॅग लिहिल्यावर ज्या प्रोग्रॅमने लिहिला त्याच्यातच बघून समाधान मानू नका, दुसऱ्या कशात तरी उघडून बघा, फोनवर बघा, गाडीत बघा.

हे दुरुस्त करणं सोपं होतं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत म्युटाजेन नावाची तयार लायब्ररी आहे, तिने प्रत्येक फाईलीतलं नाव काढायचं, लॅटिन समजून परत कच्चे बाइट करायचे, ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, आणि परत लिहिताना बरोबर पाटी लावून लिहायचं. आठ दहा ओळींची स्क्रिप्ट. त्याआधी दोन गोष्टी केल्या, सगळ्याची दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि टॅग सोडून नुसत्या आवाजाचा चेकसम, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा, काढून ठेवला, म्हणजे काम झाल्यावर परत काढून बघता येईल की आवाजाला धक्का लागला नाही. २३६ पैकी १८० फाईली पहिल्या फटक्यात नीट झाल्या. संध्याकाळी स्क्रीनवर एकाखाली एक यमन, मारवा, जौनपुरी, शुद्ध सारंग अशी नावं उमटायला लागली तेव्हा खरंच गलबलून आलं, कारण ती काकांनी सांगितलेली नावं होती, त्यांच्याच क्रमाने.

१५ फाईलींना पुढचा टॅगच नव्हता, त्या राहून गेल्या असाव्यात. उरल्या ४१. त्यांनी मला रडवलं.

या ४१ फाईली मधे कधीतरी फोनला सिंक करणाऱ्या एका प्रोग्रॅममधून गेल्या होत्या आणि त्याने टॅग परत लिहिले होते. स्क्रिप्ट चालवली की मधे मधे खड्डे. विलंबित हा शब्द सगळीकडे साबूत, रूपक साबूत, पण एकतालचा ए गायब, झपतालचा झ गायब, आणि द्रुत तर पार गेला, द, र, त आणि मधे दोन प्रश्नचिन्हं. ठरावीक अक्षरंच का जातात हे मला दोन दिवस कळेना. मग कागदावर बाइट मांडून बसलो. विंडोजचा जो पश्चिम युरोपचा तक्ता आहे, १२५२ नंबरचा, तो लॅटिनसारखाच आहे पण त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. त्या जागांवर कुठलंच अक्षर नाही. त्या प्रोग्रॅमने लॅटिनच्या ऐवजी हा तक्ता वापरला आणि रिकामी जागा आली की तिथे प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. आणि देवनागरीत बघा, ए चा शेवटचा बाइट ८एफ. झ चा ९डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. आणि हलन्ताचा, म्हणजे ज्याच्यामुळे जोडाक्षर होतं त्या पाय मोडणाऱ्या खुणेचा, ८डी. म्हणजे पाच जागांमध्ये आपलं इतकं वापरातलं चिन्ह अडकलं. जोडाक्षर असलेला प्रत्येक शब्द मोडला. द्रुत मध्ये जोडाक्षर पण आणि उकार पण, म्हणून दोन खड्डे.

माहिती खरंच गेलेली होती, पण पूर्ण नाही. ज्या खड्ड्याच्या आधी ए५ आहे तिथे हलन्त किंवा ऱ्हस्व उकार, तिसरं काही फारसं संभवत नाही. जिथे आधी ए४ आहे तिथे ए, ऐ, झ, ऍ किंवा चंद्रबिंदू. आणि शब्द कुठले तर रागांची नावं, तालांची नावं, थोडे मराठी शब्द. मी राग आणि ताल मिळून दोनएकशे नावांची यादी केली आणि स्क्रिप्टला सांगितलं की खड्डा भरून यादीतला शब्द होतो का बघ. ४१ पैकी ३३ आपोआप लागल्या. बाकीच्या हाताने, डोळे ताणून. एका ठिकाणी "म?ल?तानी" असं लिहिलेलं, यादीत मुलतानी होतं म्हणून लागेना, मग कळलं की भावाने मुल्तानी असं जोडाक्षर करून टाइप केलेलं, म्हणून एका खड्ड्याच्या जागी दोन. असले प्रकार.

इथपर्यंत फक्त राग आणि ताल झाले. साथीला कोण, तारीख काय, हे भावाने लिहिलंच नव्हतं. तो म्हणाला बाबांच्या कार्डांवर होतं की. कार्डं पुरात गेली. मला एक आठवलं, काकांनी २००४ ला जे टाइप केलं होतं ते कुठे गेलं? पुढचे टॅग भावाने लिहिले, पण शेपटातले १२८ बाइट? फाईलीच्या तळाशी गेलो. होते. निदान पहिल्या नजरेला तरी तसेच, कुणी हात लावलेला दिसत नव्हता. २०१२ पासून प्रत्येक प्लेअर पुढचा टॅग दिसला की खूश होऊन नावासाठी मागचं बघायचं सोडून देत होता.

काकांना देवनागरी टायपिंग येत नव्हतं, त्यांनी रोमनमध्ये लिहिलेलं. भीमपलास, डॅश, विलंबित एकताल, स्वल्पविराम आणि मग एक मोठा डी. तिथे ३० अक्षरं संपली. द्रुत तीनतालातला नुसता डी उरला. त्यांना कळलं असणार की बसत नाही, कारण पुढच्या फाईलींमध्ये ते विलंबितचं नुसतं वि करायला लागले, तारखा शेऱ्याच्या खणात टाकायला लागले, कलाकाराच्या खणात बुवांचं नाव, अल्बमच्या खणात "माडी". सालाच्या खणात मात्र सगळीकडे २००४, बहुतेक प्रोग्रॅमनेच भरलेलं. साल म्हणजे कशाचं साल, गायलं त्याचं, कॅसेट निघाली त्याचं की फाईल केली त्याचं, हा घोळ टॅगमध्ये पहिल्यापासून आहे.

जाता जाता हेही सांगतो, रोमनमध्ये लिहिलं हे एका अर्थी बरंच झालं. त्या ३० बाइटांत देवनागरी घातलं असतं तर भीमपलासलाच २१ बाइट गेले असते, स्पेसचा एक, मग वि ला सहा, आणि ल चे तीनातले दोनच बाइट बसले असते. अर्धा ल. अर्ध्या ल चं जगातला कुठलाच प्लेअर काही करू शकत नाही.

शेऱ्याच्या खणात होतं: तबला नाना, पेटी बापू, १२.८.८ आणि संपलं. साल अर्धं. ऐंशीच्या दशकातलं कुठलं तरी. पुढच्या फाईलीत २३.१०. आणि पुढे काहीच नाही. एका फोल्डरमधल्या सगळ्या ६४ फाईलींचं हेच, बाकीच्या फोल्डरमध्ये मात्र साल पूर्ण. हे कापलं कुणी? शेऱ्याला ३० बाइट असतात, आणि काकांची ती ओळ रोमनमध्ये स्पेस, स्वल्पविराम धरून २९ अक्षरांची होते, म्हणजे बसायला हवी होती. याचं उत्तर १९९७ मध्ये आहे. पहिल्या आवृत्तीत ट्रॅक नंबर लिहायला जागाच नव्हती, म्हणून मिखाएल मुत्शलर यांनी एक सुधारणा काढली: शेऱ्यातले शेवटचे दोन बाइट घ्यायचे, एकात शून्य ठेवायचा आणि दुसऱ्यात नंबर. शेरा ३० चा २८ झाला. एवढा लांब शेरा कोण लिहितं, असा त्यामागे विचार असणार, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरच होता. पण काका पूर्ण खण भरायचे. भावाने त्या एका फोल्डरला गाणी क्रमाने लागावीत म्हणून ट्रॅक नंबर दिले होते, वेगळ्या कुठल्यातरी छोट्या प्रोग्रॅमने, आणि त्याने पुढे पण लिहिलं आणि शेपटातही. एकोणतिसाव्या बाइटात ८४ मधला ४ होता, तिथे शून्य आला. तिसाव्यात ट्रॅक नंबर. जिथे महिना दोन आकडी होता तिथे सालाचे दोन्ही आकडे गेले.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मी त्याला म्हणलं, तू कॉपी नेली नसतीस तर आज एकही फाईल नसती, ते आधी लक्षात घे.

मग काकूंकडे गेलो. मला वाटलं होतं त्यांना तारखा कशा आठवणार. पण त्या एकच गोष्ट म्हणाल्या आणि सगळं सुटलं: "बैठक रविवारीच असायची. ह्यांना सुट्टी रविवारची, आणि नानांचं दुकान पण रविवारी बंद." बास. १२ ऑगस्ट हा रविवार ऐंशीच्या दशकात एकदाच येतो, १९८४ ला. कॅलेंडर काढून बघा, ८३ ला शुक्रवार आहे, ८५ ला सोमवार. तारीख मिळाली. २३ ऑक्टोबर जरा अवघड, कारण तो रविवार १९७७, १९८३, १९८८, १९९४ असा पुन्हा पुन्हा येतो. पण डेकच १९७९ ला आलाय म्हणजे ७७ बाद. आणि शेऱ्यात तबला नाना आहे, आणि नाना १९८६ च्या पावसाळ्यात गेले हे काकूंना पक्कं माहीत, कारण त्यानंतर वर्षभर माडीवर बैठकच झाली नाही. म्हणजे ८८ आणि ९४ बाद. १९८३. अशा पद्धतीने ६४ पैकी ५१ तारखा लागल्या. काकू पाट घेऊन खाली बसायच्या, मी तारीख सांगायचो, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "ही भर पावसातली, ऐक, पत्रे वाजतायत." आणि खरंच, हेडफोन लावून ऐकलं की तानपुऱ्याच्या मागे पत्र्यावरचा पाऊस आहे.

शेवटी काय लिहायचं आणि कसं, यावर बराच विचार केला. टॅगची २.४ आवृत्ती नवी आहे आणि तिच्यात यूटीएफ-८ चालतं, पण जुन्या गाडीतले सिस्टीम आणि जुन्या मशिनी २.३ जास्त भरवशाने वाचतात, म्हणून २.३ घेतली आणि अक्षरं यूटीएफ-१६ मध्ये, पाटी एक नंबरची. नावात राग आणि ताल दोन्ही ठेवले, कारण रागासाठी आयडी३ मध्ये स्वतःची फ्रेमच नाही. टीकेईवाय म्हणून एक आहे पण ती त्यांच्या सुराच्या स्केलसाठी, फार तर तीन अक्षरं. टीएक्सएक्सएक्स नावाची एक मोकळी फ्रेम असते, तिच्यात आपण खणाचं नावही आपणच द्यायचं, तिथे राग आणि ताल वेगवेगळे लिहिले, गाडीत दिसत नाहीत पण लॅपटॉपवर शोधता येतात, सगळे मारवे एका ठिकाणी काढता येतात. साथीदारांसाठी २.३ मध्ये आयपीएलएस आहे, त्यात वाद्य आणि माणूस अशा जोड्या लिहिता येतात, तबला: नाना, पेटी: बापू. तारीख दोन फ्रेममध्ये, साल वेगळं आणि दिवस महिना वेगळा, १२०८ असा. आणि शेऱ्याच्या फ्रेमला भाषेचा तीन अक्षरी कोड द्यावा लागतो, मराठीचा एम, ए, आर. बहुतेक प्रोग्रॅम तिथे न विचारता इंग्रजी लिहून मोकळे होतात. मी २३६ फाईलींमध्ये एमएआर लिहिलं. ते कुणाला कधी दिसणार नाही, पण ते खरं आहे म्हणून लिहिलं. तारीख कशी काढली तेही शेऱ्यात लिहिलं, रविवारवरून, काकूंनी सांगितल्यावरून, म्हणजे उद्या कुणाला वेगळा पुरावा मिळाला तर त्याला कळेल की हे कशाच्या जोरावर लिहिलंय.

बरेच जण म्हणाले की आवाजावरून गाणं ओळखणारे प्रोग्रॅम असतात, ते आपोआप टॅग भरतात. असतात, आणि बाजारात निघालेल्या रेकॉर्डसाठी छान आहेत. पण ते त्यांच्याकडच्या साठ्याशी ताडून बघतात, आणि आमच्या माडीवरचं गाणं कुणाच्याच साठ्यात नाही. अशा फाईलींवर ते चालवायचं नाही, चालवायचंच असेल तर आधी कॉपी करून.

फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता साठवणाऱ्या, फाईलींना टॅगची वेगळी पद्धत असते, नेहमी यूटीएफ-८, आणि खणाचं नाव हवं ते, तिथे यातलं अर्धं दुखणं झालंच नसतं. पण एमपी३ ची फ्लॅक केली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, आणि मूळ कॅसेट तर कृष्णेत. म्हणून आहे ते एमपी३ च ठेवलं.

शेपटातल्या १२८ बाइटांना मात्र मी हात लावला नाही. ट्रॅक नंबरने खाल्लेला आकडाही परत घातला नाही आणि जॉनरचा शून्यही तसाच ठेवला. पुढे जॉनरची फ्रेम घातली की गाडी ती वाचते, मागचं ब्लूज दिसत नाही. काकांचं हस्ताक्षर पुरात गेलं, पण त्यांनी एकेक की शोधून टाइप केलेलं एवढं शिल्लक आहे, तो अर्धवट डी सुद्धा. काम झाल्यावर आवाजाचे चेकसम परत काढले, २३६ च्या २३६ जुळले.

गेल्या महिन्यात परत त्याच रस्त्याने निघालो. स्क्रीनवर आलं, भीमपलास, विलंबित एकताल, द्रुत तीनताल, खाली बुवांचं नाव. काकूंनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि डोळे मिटले. पुढची फाईल मारव्याची लागली, दहा मिनिटं झाली असतील आणि त्या म्हणाल्या, "ही पेटी बापूंची नाही." मी म्हणलं काकू, काकांनीच लिहिलंय, पेटी बापू म्हणून. "ह्यांनी सगळीकडे तेच लिहिलं असेल रे. बापू असा मधे मधे थांबत नाही. हा त्याचा भाचा आहे, त्या वर्षी बापूंचा हात मोडला होता तेव्हा दोनदा आला होता."

सांगोल्याजवळ चहाला थांबलो तिथे लॅपटॉप उघडला आणि आयपीएलएस मध्ये बापूंच्या जागी बापूंचा भाचा लिहिलं. टॅग पहिल्यांदा लिहिताना मी मागे थोडी मोकळी जागा ठेवली होती, त्यामुळे एवढासा बदल करायला पूर्ण फाईल परत लिहावी लागत नाही, तेवढेच बाइट बदलतात. क्षणात झालं. काकूंनी विचारलं दुसऱ्या वेळची कुठली ते शोधायचं का, आणि मी पुढचा मारवा लावला.